दाहाशी निगडित जनुकीय भेद आणि हृदयविकार: अहवालातला ‘वाढीव धोका’ कसा वाचावा

प्रश्नकर्त्यांचे वय ४३ आहे. वडिलांना ५२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. लाळेच्या नमुन्यावरून केलेल्या जनुकीय तपासणीत आयएल-६, टीएनएफ, सीआरपी आणि आयएल६आर या चार जनुकांपुढे ‘दाहाची प्रवृत्ती वाढलेली, हृदयविकाराचा धोका अधिक’ असा शेरा आला आहे (दाह म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची सूज आणणारी प्रतिक्रिया). कोलेस्टेरॉल ‘ठीक’ असल्याचे ते लिहितात. धोका खरोखर किती वाढला, त्यासाठी दाहशामक औषध सुरू करावे का आणि दोन्ही मुलांचीही हीच तपासणी करावी का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

माझे मत आधी सांगतो. या चार जनुकांतील भेदांमुळे आपल्या धोक्यात पडणारा फरक इतका अल्प आहे की त्यावरून उपचाराचा कोणताही निर्णय बदलू नये. वडिलांना ५२ व्या वर्षी आलेला झटका मात्र या संपूर्ण अहवालापेक्षा कितीतरी अधिक बोलका आहे, आणि आपण त्याचा उल्लेख एका ओळीत आटोपला आहे. असे असले तरी दाहाच्या जनुकांचा अभ्यास निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ होत नाही. हृदयविकारात दाह हे कारण आहे की नुसती खूण, हा अनेक वर्षे रेंगाळलेला वाद मिटवण्यात याच जनुकांचा मोठा वाटा आहे. लाखो लोकांच्या समूहाबद्दल त्यांनी जे शिकवले, ते एका माणसाच्या अहवालावर जसेच्या तसे चिकटवल्याने हा सगळा घोटाळा होतो.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमनीच्या अस्तराखाली एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहून नेणारे) कण अडकतात आणि तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते. त्यांना गिळण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी मेदाने फुगून तेथेच राहतात आणि इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ (अहवालातील आयएल-६) यांसारखे संदेशवाहक रेणू सोडून आणखी पेशींना बोलावतात. असा मेदाचा थर साचतो; त्यावरचे तंतुमय आवरण दाहामुळे पातळ होते, ते फाटले की रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. म्हणजे सुरुवात बहुतेक वेळा एलडीएलपासून होते आणि दाह ती प्रक्रिया पुढे रेटतो. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण ‘कोलेस्टेरॉल ठीक आहे, प्रश्न फक्त दाहाचा आहे’ असा समज अनेक रुग्णांच्या मनात घर करून असतो.

आता अहवालातील सीआरपी हे नाव पाहू. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन यकृतात तयार होते आणि ज्यांच्या रक्तात ते वाढलेले असते त्यांना हृदयविकार अधिक होतो, हे अनेक निरीक्षणांतून सिद्ध झालेले आहे. परंतु धूम्रपान, लठ्ठपणा, मधुमेह, हिरड्यांचे आजार आणि खुद्द धमन्यांतील मेदाचे थर या सर्वांमुळे सीआरपी वाढते. त्यामुळे सीआरपीच धमनीचे नुकसान करते की नुकसान झाल्यामुळे ते वाढते, हे नुसत्या रक्त तपासणीवरून कळत नाही. येथे जनुकांचा उपयोग झाला. आई-वडिलांकडून कोणता जनुकीय प्रकार मिळणार हे गर्भधारणेच्या वेळीच यदृच्छेने ठरते, पुढे माणूस सिगारेट ओढतो की नाही किंवा त्याला कोणता आजार होतो याचा त्यावर परिणाम होत नाही. म्हणून ज्यांना जन्मतःच सीआरपी वाढवणारा प्रकार मिळाला आहे आणि ज्यांना मिळालेला नाही अशा दोन गटांची तुलना म्हणजे निसर्गाने केलेली एक चाचणीच ठरते. मेंडेलियन रँडमायझेशन या नावाने ही पद्धत ओळखली जाते.

तिचा निकाल स्पष्ट आहे. डेन्मार्कमधील २००८ च्या अभ्यासात सीआरपी जनुकातील काही प्रकारांच्या संयोगांमुळे रक्तातील सीआरपी ६४ टक्क्यांपर्यंत वाढलेले दिसले, पण त्या प्रमाणात हृदयविकार मुळीच वाढलेला नव्हता. २०११ मध्ये सुमारे १ लाख ९४ हजार लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणातही सीआरपी वाढवणाऱ्या जनुकीय प्रकारांचा हृदयविकाराशी संबंध आढळला नाही. तेव्हा आपल्या अहवालातील चारपैकी एक नाव येथेच बाजूला काढावे: सीआरपी जनुकाचा ‘वाढीव’ प्रकार धोका वाढवत नाही. उलट त्यामुळे आपले सीआरपी जन्मभर किंचित अधिक राहू शकते आणि ते पाहून कोणीतरी आपल्याला विनाकारण घाबरवू शकते. याच्या नेमके उलट उदाहरण एपीओई जनुकाचे आहे. त्याचा ई-४ प्रकार असलेल्यांचे सीआरपी सरासरीने कमी असते, पण एलडीएल अधिक असते आणि हृदयविकाराचा धोकाही थोडा अधिक असतो. सीआरपीचा आकडा वाचताना एवढी सावधगिरी बाळगावी लागते.

आयएल६आर या जनुकाची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत शिकवण्याजोगी तीच आहे. हे जनुक इंटरल्युकिन-६ चा ग्राही, म्हणजे त्याचा संदेश झेलणारे प्रथिन, तयार करते. त्यातील ३५८ व्या स्थानी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी अ‍ॅलनीन आले, तर पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही अधिक प्रमाणात कापला जाऊन रक्तात सुटतो. पेशीवर उरलेले ग्राही कमी पडल्यामुळे संदेश क्षीण होतो. अशा व्यक्तींच्या रक्तात इंटरल्युकिन-६ किंचित वाढलेलेच असते, कारण ते वापरले जात नाही, परंतु त्याच्या आज्ञेवरून तयार होणारे सीआरपी आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठण्यास लागणारे प्रथिन) कमी असतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या संयुक्त विश्लेषणात या प्रकाराच्या प्रत्येक प्रतीमागे (आई आणि वडिलांकडून एकेक अशा जनुकाच्या दोन प्रती असतात) सीआरपी सुमारे ७.५ टक्क्यांनी आणि करोनरी हृदयविकाराचा धोका सुमारे ३.४ टक्क्यांनी कमी आढळला. त्याच वेळी झालेल्या दुसऱ्या विश्लेषणात ही घट ५ टक्क्यांच्या आसपास होती. दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की चित्र उलगडते: सीआरपी ही खूण आहे आणि तिच्या वरच्या पायरीवरचा इंटरल्युकिन-६ चा मार्ग हा रोगाच्या कारणांपैकी एक आहे. औषधे कोणत्या रेणूवर रोखायची हे ठरवताना या ज्ञानाचे मोल फार मोठे ठरले.

पण हाच ३.४ टक्क्यांचा आकडा एका व्यक्तीपुरता तपासून पाहा. समजा एखाद्याला पुढील दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता १०० पैकी ५ आहे. संरक्षक प्रकाराची एक प्रत असेल तर ती ४.८ च्या आसपास येईल, दोन असतील तर ४.७ च्या जवळ. रक्तदाब एखाद्या दिवशी दोन-तीन अंकांनी चुकीचा मोजला गेला तरी धोक्याच्या गणितात याच तोडीचा फरक पडतो. शिवाय आपल्या अहवालात आयएल६आरपुढे जो ‘वाढीव धोका’ लिहिला आहे, त्याचा अर्थ बहुधा एवढाच आहे की आपल्याकडे तो संरक्षक प्रकार नाही. संरक्षण नसणे आणि धोका असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, आणि जगातील असंख्य निरोगी माणसांकडेही तो प्रकार नसतो.

तुलनेसाठी रक्तातील एलडीएल वाढते ठेवणाऱ्या पीसीएसके९ या जनुकाचे उदाहरण द्यावेसे वाटते. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात या जनुकाचे काम बंद पाडणारे बदल जन्मतः असलेल्या कृष्णवर्णीय व्यक्तींमध्ये एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होते आणि करोनरी हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. २००६ मध्ये हा निष्कर्ष आला. दाहाच्या कोणत्याही सर्वसामान्य जनुकीय भेदाचा परिणाम याच्या जवळपासही जात नाही.

उरलेल्या दोन नावांबद्दल, म्हणजे टीएनएफ (हाही दाहाचा संदेशवाहक रेणू) आणि आयएल-६ यांबद्दल, थोडे कठोर बोलणे भाग आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे, एखादे जनुक संशयास्पद वाटले की काहीशे रुग्ण आणि काहीशे निरोगी माणसे घेऊन त्यातील एका भेदाची तुलना करायची, अशी पद्धत रूढ होती. नमुने लहान असत, सकारात्मक निष्कर्ष छापून येत आणि नकारात्मक बहुधा कपाटातच राहत. टीएनएफचा ‘उणे ३०८’ आणि आयएल-६ चा ‘उणे १७४’ हे भेद (आकडे जनुकाजवळील जागेचे) याच काळात प्रसिद्धीस आले. टीएनएफ जनुक तर सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए या, प्रतिकारशक्तीच्या जनुकांनी भरलेल्या अतिशय दाट भागात बसलेले आहे, जेथे शेजारची अनेक जनुके एकत्रच वारशाने येतात, त्यामुळे परिणाम दिसला तरी तो नेमका कोणाचा हे ठरवणे अवघड होते. त्याच भागातील लिम्फोटॉक्सिन-अल्फा जनुकाचा हृदयविकाराच्या झटक्याशी संबंध असल्याचे २००२ मध्ये जपानमधून जाहीर झाले आणि त्याचा खूप गाजावाजा झाला, पण नंतरच्या अधिक मोठ्या अभ्यासात तो टिकला नाही. २००७ मध्ये अशा पूर्वप्रसिद्ध ७० जनुकांतील ८५ भेदांची ८११ रुग्ण आणि ६५० निरोगी व्यक्तींमध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा त्यांतील एकाचाही संबंध खात्रीने सिद्ध झाला नाही. असे असूनही हेच भेद व्यावसायिक अहवालांत आजही छापले जातात. ते तपासणे स्वस्त आहे आणि त्यांची नावे भारदस्त वाटतात, एवढेच कारण मला दिसते.

संपूर्ण जनुकसंचाची छाननी सुरू झाल्यावर पद्धत बदलली. २००७ मध्ये नवव्या गुणसूत्रावरील ९पी२१ हा भाग सापडला. त्यातील धोक्याच्या प्रत्येक प्रतीमागे हृदयविकाराची शक्यता साधारण २० ते ३० टक्क्यांनी वाढते आणि कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाब यांच्याशी त्याचा संबंध दिसत नाही. २०२२ पर्यंत दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून असे २४१ भाग नोंदले गेले. त्यांत दाहाशी आणि प्रतिकारशक्तीशी जोडलेले काही आहेत. उदाहरणार्थ, एसएच२बी३ जनुकातील एक भेद हृदयविकाराबरोबरच सीलिअ‍ॅक रोग (गव्हातील ग्लूटेनमुळे होणारा आतड्यांचा आजार) आणि टाइप-१ मधुमेह यांच्याशीही निगडित आहे. पण मेद, रक्तदाब आणि धमनीच्या भिंतीची घडण यांचे वाटेकरीही त्यांत तितकेच ठळकपणे आहेत. या सर्वांची बेरीज करून काढलेला बहुजनुकीय गुणांक काही लोकांत उपयोगी ठरू शकतो, मात्र तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या माहितीवर बेतलेला असल्यामुळे इतर वंशांच्या लोकांत त्याची अचूकता कमी होते. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनीही त्याचा सरसकट वापर करू नये असेच म्हटले आहे. आपल्या अहवालात तर असा गुणांकही नाही, चार सुटी नावे आहेत.

औषधाच्या प्रश्नाकडे वळतो. २०१७ मध्ये कँटोस चाचणीचे निष्कर्ष आले. झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी २ मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा त्याहून अधिक असलेल्या १०,०६१ रुग्णांना कॅनाकिनुमॅब हे इंटरल्युकिन-१ बीटाला अडवणारे इंजेक्शन किंवा निष्क्रिय औषध देण्यात आले. एलडीएलमध्ये काहीही बदल न होता, १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. दाह कमी केल्याने हृदयविकार कमी होतो याचा माणसांमधील हा पहिला थेट पुरावा होता. पण त्याच चाचणीत प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले, आणि हृदयविकारासाठी त्या औषधाला मान्यता मिळाली नाही. पुढे मेथोट्रेक्सेट या, संधिवातात दाह दाबण्यासाठी देतात त्या औषधाच्या अल्प मात्रेची चाचणी झाली. त्या औषधाने या रुग्णांत इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ किंवा सीआरपी यांपैकी काहीच कमी झाले नाही आणि हृदयविकारही कमी झाला नाही. दाह हा एकच नळ नसून अनेक नळांचे जाळे आहे, कोणता बंद केला यावर सारे अवलंबून असते. जन्मतः इंटरल्युकिन-१ चे दोन्ही प्रकार अधिक अडवले जातात अशा व्यक्तींच्या जनुकीय अभ्यासात सीआरपी कमी असूनही हृदयविकाराचा धोका किंचित वाढलेला आढळला होता, हे २०१५ चे निरीक्षण मी त्यामुळे नेहमी सोबत ठेवतो.

कोल्चिसीन या गाउटवरच्या जुन्या दाहशामक औषधाबद्दल आपण विचारलेले नाही, पण बहुतेकांचा पुढचा प्रश्न तोच असतो. रोज ०.५ मिलिग्रॅम कोल्चिसीनने २०१९ मधील चाचणीत, झटक्यानंतर महिन्याभरात औषध सुरू केलेल्या रुग्णांचे पुढील प्रसंग २३ टक्क्यांनी कमी झाले, आणि २०२० मध्ये स्थिर करोनरी रुग्णांत ही घट ३१ टक्के होती. २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला यासाठी मान्यताही मिळाली. त्यानंतर २०२४ मध्ये आलेल्या सुमारे सात हजार रुग्णांच्या चाचणीत मात्र झटक्यानंतर ते दिल्याने फायदा दिसला नाही, त्यामुळे मतभेद कायम आहेत. काही असो, या सर्व चाचण्या ज्यांना हृदयविकार झालेलाच आहे अशांच्या होत्या. त्यांत रुग्णांची निवड कोणत्याही जनुकीय भेदावरून झाली नव्हती. आपल्याला हृदयविकार झालेला नाही. तेव्हा केवळ अहवालातील शेऱ्यावरून हे औषध सुरू करण्यास आधार नाही, आणि मूत्रपिंड किंवा यकृत दुर्बल असेल, तसेच काही प्रतिजैविके सुरू असतील तर ते घातक ठरू शकते.

त्याहून महत्त्वाचा इशारा वेदनाशामक गोळ्यांबद्दल आहे. ‘दाह वाढलेला’ हे शब्द वाचून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नियमित घेऊ लागलेले रुग्ण माझ्याकडे येतात. ही औषधे सांध्यांचा दाह कमी करतात हे खरे, पण दीर्घकाळ घेतल्यास त्यांतील बऱ्याच औषधांनी हृदयविकाराचा धोका वाढतो. याच गटातील रोफेकॉक्सिब तर याच कारणाने २००४ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले. शिवाय आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या गुठळीविरोधी कामात अडथळा आणते.

आपल्या अहवालात ज्याचा मागमूस नाही, असा दाहाशी निगडित आणखी एक जनुकीय प्रकार आहे. वय वाढते तसे अस्थिमज्जेतील एखाद्या मूळपेशीत टीईटी२, डीएनएमटी३ए, एएसएक्सएल१ किंवा जेएके२ या जनुकांपैकी एकात बदल होतो आणि त्या पेशीची संतती रक्तात वाढत जाते. हा बदल जन्मजात नसतो आणि मुलांकडे जात नाही. सत्तरीनंतर दहापैकी किमान एका व्यक्तीत तो आढळतो. टीईटी२ बिघडलेल्या उंदरांत या पेशींपासून झालेल्या मॅक्रोफेज (मेद गिळणाऱ्या पांढऱ्या) पेशी इंटरल्युकिन-१ बीटा अधिक सोडतात आणि धमन्यांतील थर वेगाने वाढतात. २०१७ मधील अभ्यासात अशा व्यक्तींमध्ये करोनरी हृदयविकाराचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला होता, पण नंतरच्या मोठ्या समूहांत हा आकडा बराच लहान निघाला, तेव्हा येथेही उत्साह आवरता घ्यावा. ४३ व्या वर्षी, रक्तपेशींची साधी गणना प्राकृत असताना, ही तपासणी मी सुचवणार नाही.

मग आपण काय करावे? प्रथम ‘कोलेस्टेरॉल ठीक’ या शब्दांऐवजी एलडीएलचा प्रत्यक्ष आकडा पाहा. वडिलांना, भावाला ५५ च्या आत किंवा आई, बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर आपला धोका साधारण दीड ते दोनपट धरला जातो, आणि त्या परिस्थितीत ‘ठीक’ची मर्यादा बदलते. दुसरे, लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच मेद वाहणारा कण) ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घ्यावी. तिची पातळी जवळजवळ पूर्णपणे एलपीए या जनुकावर ठरते, साधारण पाचातल्या एका व्यक्तीत ती ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरहून अधिक असते, आणि हे कण ऑक्सिडीकृत फॉस्फोलिपिड वाहून नेत असल्यामुळे धमनीच्या भिंतीत दाहही चेतवतात. तरुण वयात झटका आलेल्या वडिलांच्या मुलात मला दाहाचे जनुकीय कारण शोधायचे असेल तर मी सर्वप्रथम येथे पाहीन, आणि त्यासाठी जनुक वाचण्याचीही गरज नाही, साध्या रक्त तपासणीत ते कळते.

तिसरी तपासणी अतिसंवेदनशील सीआरपीची, म्हणजे सीआरपीचे अगदी अल्प प्रमाणही मोजणारी. ती सर्दी, ताप, दातांचा संसर्ग किंवा दुखापत नसताना, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी. १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर अधिक, असे मिलिग्रॅम प्रति लिटरचे गट मानले जातात. १० च्या वर आकडा आला तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी संसर्ग किंवा अन्य आजार शोधावा. जनुक काय म्हणते यापेक्षा आज रक्तात प्रत्यक्ष किती दाह आहे हे सांगणारा हा आकडा आहे, आणि तो बदलता येतो: धूम्रपान सोडल्याने, वजन उतरवल्याने, हिरड्यांच्या उपचाराने आणि स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांनी तो खाली येतो. २००८ मधील ज्युपिटर चाचणीत एलडीएल १३० च्या आत पण सीआरपी २ किंवा अधिक असलेल्या १७,८०२ लोकांना रोसुव्हास्टॅटिन किंवा निष्क्रिय औषध दिले गेले, तेव्हा औषध घेणाऱ्यांत हृदयरोगाचे मोठे प्रसंग ४४ टक्क्यांनी घटले. अर्थात तेथे एलडीएलही निम्म्यावर आले होते, त्यामुळे श्रेय कोणाला किती द्यायचे हा वाद आहे. या आकड्यांनंतरही स्टॅटिन सुरू करावे की नाही याबद्दल आपण आणि आपले डॉक्टर यांच्यात दुमत राहिले, तर सीटी स्कॅनने करोनरी धमन्यांतील कॅल्शियम (तेथे साचलेल्या थरांची खूण) मोजता येते. चाळिशीत शून्य गुणांक आल्याने पूर्ण निश्चिंती मिळत नाही, पण शून्याहून वर काहीही आले तर मी उपचार लांबवणार नाही. ऱ्हुमॅटॉइड संधिवात, सोरायसिस किंवा आतड्यांचा दीर्घ दाह यांपैकी काही आपल्याला असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगा. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात तर हृदयविकाराचा गणिताने काढलेला धोका दीडपट धरण्याचा प्रघात आहे.

मुलांची ही जनुकीय तपासणी करू नये. त्यांच्यासाठी आणि आपल्या भावंडांसाठी उपयोगी पडेल ती साधी मेद तपासणी, आणि आपले लायपोप्रोटीन-ए वाढलेले निघाले तर त्यांचेही लायपोप्रोटीन-ए. आपले एलडीएल १९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरहून अधिक आढळले, तर कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमियाचा (जन्मतःच एलडीएल फार वाढलेले ठेवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा) संशय घ्यावा लागेल. तो सुमारे २५० ते ३०० जणांत एकाला असतो, मुलांकडे जाण्याची शक्यता निम्मी असते आणि त्याचे उपचार लहान वयातच सुरू करावे लागतात. त्या वेळी मात्र जनुकीय तपासणी जरूर करावी, पण ती एलडीएल ग्राही, एपीओबी आणि पीसीएसके९ या जनुकांची, आणि जनुकीय समुपदेशकाच्या सल्ल्याने.